स्वयंप्रतिकारी जठरदाह : आरंभीच्या खुणांचा शोध

काही रोगांची अखेरची अवस्था सर्वांना ठाऊक असते, तिचे वर्णन प्रत्येक पाठ्यपुस्तकात सविस्तर सापडते. परंतु त्या अवस्थेला पोहोचण्यापूर्वी जी दहा-वीस वर्षे निघून गेली, त्यांचा दाखला मात्र कोणाच्याच दफ्तरी नसतो. शरीराच्या संरक्षक यंत्रणेने आपल्याच जठरावर उलटून घडवलेला दाह, ज्याला डॉक्टर ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस म्हणतात आणि ज्याला येथे स्वयंप्रतिकारी जठरदाह म्हटले आहे, तो अशाच रोगांपैकी एक होय. जठराची अंतस्त्वचा पुरती झिजून पातळ झाली, तिच्याखालच्या रक्तवाहिन्या उघड्या दिसू लागल्या आणि रुग्णाच्या रक्तातील बी-12 जीवनसत्त्व तळाला गेले, म्हणजे निदान करणे फारसे अवघड राहत नाही. अवघड आहे ते ही झीज होण्यापूर्वी, एंडोस्कोपीच्या पडद्यावर जठर जवळजवळ निरोगी भासत असता, त्यातील सूक्ष्म विपर्यास हेरणे. हे कार्य गेल्या काही वर्षांत, मुख्यत्वे जपानमधील तज्ज्ञांच्या चिकाटीमुळे, शक्यतेच्या कक्षेत आले आहे. हा विषय केवळ तज्ज्ञांच्या परिषदेत चर्चिला जावा असा नाही. कारण लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही अशी माणसे, विशेषतः स्त्रिया, आपल्या घरोघरी आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या व्याधीचे मूळ याच ठिकाणी असू शकते.

प्रथम रोगाची घडण समजावून घेतली पाहिजे, कारण तिच्यातच एंडोस्कोपीच्या सर्व खुणांचे मर्म आहे. जठराचा वरचा घुमटासारखा भाग म्हणजे फंडस, मधला विस्तीर्ण भाग म्हणजे बॉडी, आणि आतड्याकडे निमुळता होत जाणारा खालचा भाग म्हणजे अँट्रम. आम्ल स्रवणाऱ्या पेरायटल पेशींची वस्ती पहिल्या दोन भागांत असते. अँट्रममध्ये गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक निर्माण करणाऱ्या पेशी असतात. पेरायटल पेशीत आम्ल बाहेर टाकणारा जो प्रोटॉन पंप असतो, नेमका तोच या रोगात संरक्षक यंत्रणेला परका वाटू लागतो, आणि सीडी-4 जातीच्या लसिका पेशी त्या पेशींवर चाल करून जातात. रक्तात सापडणारी प्रतिपिंडे ही या हल्ल्याची साक्षीदार असतात. प्रत्यक्ष संहार बहुतांशी लसिका पेशींच्या हातून होतो. पेरायटल पेशी कमी झाल्या की आम्ल कमी होते, आणि त्याच पेशींतून निघणारा, बी-12 च्या शोषणास अपरिहार्य असा इंट्रिन्सिक फॅक्टरही आटतो. इकडे अँट्रम अबाधित असल्यामुळे, आम्ल नाही असे पाहून त्यातील पेशी गॅस्ट्रिनचा अखंड वर्षाव करीत राहतात. त्या उत्तेजनाने बॉडीमधील हिस्टामिन स्रवणाऱ्या पेशी फोफावतात आणि काही रुग्णांत त्यांच्यापासून न्यूरोएंडोक्राइन गाठी उद्भवतात. सारांश, वरचा भाग उद्ध्वस्त आणि खालचा भाग सुरक्षित, हीच या रोगाची ओळख. आणि ती विसरणारा परीक्षक कितीही उत्तम उपकरण हाती असले तरी चकतो.

या ज्ञानाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा असून तो सर्वस्वी उलट्या क्रमाने घडला आहे, म्हणजे अंतापासून आरंभाकडे. 1849 साली लंडनमध्ये टॉमस ॲडिसन यांनी एका असाध्य, प्राणघातक रक्तक्षयाचे वर्णन केले आणि 1855 च्या आपल्या ग्रंथात त्याचा पुन्हा उल्लेख केला. 1860 साली अमेरिकेतील ऑस्टिन फ्लिंट यांनी, या रक्तक्षयाचा संबंध जठरातील ग्रंथी नष्ट होण्याशी असावा, असा केवळ तर्काच्या बळावर काढलेला निष्कर्ष मांडला; आणि 1870 मध्ये सॅम्युएल फेनविक यांनी मृत रुग्णांच्या जठरातील ग्रंथींचा क्षय प्रत्यक्ष दाखवला. 1926 मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी यकृताच्या आहाराने हा रोग आटोक्यात येतो हे सिद्ध केले, ज्याबद्दल त्यांना व्हिपल यांच्यासह 1934 चे नोबेल पारितोषिक मिळाले; आणि 1929 मध्ये बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांनी, निरोगी माणसाच्या जठरात काही काळ राहिलेले मांस पुन्हा बाहेर काढून रुग्णांना देण्याचा धाडसी प्रयोग करून, निरोगी जठररसात असे काही असते जे या रुग्णांच्या जठरात नाही, हे निर्विवाद दाखवून दिले. बी-12 स्फटिकरूपाने हाती आले ते 1948 साली. पेरायटल पेशींविरुद्धची प्रतिपिंडे 1960 च्या दशकाच्या आरंभी सापडली, आणि त्यांचे लक्ष्य प्रोटॉन पंप हेच आहे हा खुलासा व्हायला 1988 उजाडले.

याच कालखंडात मुंबईचा एक संबंध येतो, आणि तो नोंदल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या आणि येथील गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या मोठ्या तांबड्या पेशींच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. तो वरकरणी ॲडिसन यांनी वर्णिलेल्या रक्तक्षयासारखाच दिसत होता. पण तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो असे त्यांना आढळले, आणि त्यातूनच पुढे फोलिक आम्लाचा शोध लागला. रक्ताचे चित्र सारखे असले तरी कारण निराळे असू शकते, हा धडा जगाला मुंबईच्या प्रसूतिगृहांतून मिळाला; आजच्या आपल्या प्रश्नातही तो तितकाच लागू आहे.

जिवंत माणसाच्या जठराची अंतस्त्वचा पाहण्याची सोय झाली ती बरीच नंतर. रुडॉल्फ शिंडलर यांनी 1932 मध्ये अर्धवट लवचिक गॅस्ट्रोस्कोप वापरात आणला. 1949 मध्ये मेलबर्नच्या इयन वूड यांनी, पोटात नळी सोडून, काहीही न पाहता अंतस्त्वचेचा बारीकसा तुकडा काढून घेण्याची पद्धत प्रचारात आणली. त्या नळीने येणारा तुकडा बहुधा बॉडीमधूनच येई, आणि म्हणूनच त्या काळच्या मेलबर्नच्या संशोधकांना हा रोग उत्तम प्रकारे अभ्यासता आला. त्याच नगरीत 1973 साली स्ट्रिकलंड आणि मॅकाय यांनी जीर्ण जठरदाहाचे दोन प्रकार पाडले. प्रकार ‘अ’मध्ये बॉडी झिजते, अँट्रम शाबूत राहतो, रक्तात प्रतिपिंडे सापडतात, प्रकार ‘ब’मध्ये अँट्रमही रोगग्रस्त असतो. हे वर्गीकरण आज अपुरे वाटत असले तरी त्यातील मूळ निरीक्षण अद्याप कोणी खोडून काढलेले नाही.

त्यानंतर दहा वर्षांतच वॉरेन आणि मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रकाशात आणला, आणि जठरदाहाच्या अभ्यासाचा सारा ओघ तिकडे वळला. त्या शोधाने कोट्यवधी लोकांचे अल्सर बरे झाले, त्याचे मोल कमी लेखण्याचा विचारही मनात आणता येणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की एंडोस्कोपी करणाऱ्याचा चिमटा सवयीनेच अँट्रमकडे जाऊ लागला. तेथील एक तुकडा घेऊन जंतूची त्वरित चाचणी करायची, ती नकारात्मक आली की ‘किरकोळ जठरदाह’ असा शेरा मारून कागद पुरा करायचा, असा शिरस्ता जगभर पडला. ज्या रोगात अँट्रमच निरोगी राहतो, तो रोग अशा शिरस्त्यात सापडणार कसा? माझ्या मते, आरंभीचा स्वयंप्रतिकारी जठरदाह निसटण्याचे सर्वांत मोठे कारण उपकरणाची उणीव नसून नजर आणि चिमटा चुकीच्या ठिकाणी जाणे हेच आहे.

जपानमध्ये परिस्थिती पालटली ती दोन कारणांनी. एक तर तेथे जठराच्या कर्करोगाच्या भयामुळे एंडोस्कोपी विपुल प्रमाणात होते, आणि जठराची झीज बारकाईने नोंदण्याची परंपरा किमुरा आणि ताकेमोतो यांच्या 1969 च्या वर्गीकरणापासून दृढ आहे. दुसरे असे की, नव्या पिढ्यांत हेलिकोबॅक्टरचा संसर्ग झपाट्याने घटला, आणि 2013 पासून जठरदाहावरील जंतुनाशक उपचार विम्याच्या कक्षेत आल्याने जुन्या पिढ्यांतीलही संसर्ग हटू लागला. जंतूने होणारी झीज अँट्रमपासून सुरू होऊन जठराच्या आखूड कडेने वर सरकत जाते. हे चित्र ज्यांच्या डोळ्यांत पक्के बसले होते, त्यांना जंतुमुक्त जठरात नेमकी उलटी झीज, म्हणजे वर ओसाड आणि खाली हिरवेगार असा देखावा, दिसू लागला तेव्हा त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. 2020 मध्ये तेराओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांतील मिळून 245 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेकांची बॉडी पराकाष्ठेची झिजलेली होती. मात्र सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत निरोगी अंतस्त्वचेची बेटे शिल्लक होती, आणि अनेकांत जठराच्या भिंतीला घट्ट चिकटलेला दाट श्लेष्मा आढळला. 2023 मध्ये तेथील तज्ज्ञगटाने निदानाचे निकष निश्चित केले: एंडोस्कोपीतील किंवा ऊतिपरीक्षेतील लक्षण, किंवा दोन्ही, आणि त्याच्या जोडीला पेरायटल पेशी अथवा इंट्रिन्सिक फॅक्टर यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आरंभीच्या अवस्थेत काय दिसते?

निरोगी, जंतुमुक्त जठराच्या बॉडीत, विशेषतः तिच्या खालच्या भागातील आखूड कडेला, एंडोस्कोप जवळ नेऊन पाहिले असता बारीक तांबड्या ठिपक्यांची समान अंतरावरची नियमित मांडणी दिसते. हे ठिपके म्हणजे अंतस्त्वचेतील रक्त गोळा करणाऱ्या सूक्ष्म शिरांची तोंडे. जपानच्या यागी यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की ही मांडणी शाबूत असणे हे जठर जंतुमुक्त आणि निरोगी असल्याचे अत्यंत विश्वसनीय लक्षण आहे. आरंभीच्या स्वयंप्रतिकारी दाहात प्रथम हीच मांडणी धूसर होते आणि मग नाहीशी होते, कारण अंतस्त्वचेच्या खोल थरात लसिका पेशींची गर्दी होऊन ती किंचित सुजते. त्या सुजेमुळे अंतस्त्वचेची नैसर्गिक बारीक क्षेत्रे एकमेकांपासून उठून दिसू लागतात आणि सबंध पृष्ठभागावर फरशीच्या तुकड्यांसारखी जाळीदार नक्षी उमटते. कधी त्याच्या जोडीला बॉडीभर पसरलेली मंद लाली असते. लांब कडेच्या घड्या या वेळी जागच्या जागी असतात, म्हणूनच घाईने पाहणाऱ्याला जठर निकोप वाटते. पुढे रोग जसजसा ठिकठिकाणी ग्रंथी गिळू लागतो, तसतशी उरलेली धडधाकट अंतस्त्वचा आजूबाजूच्या खचलेल्या भागावर उंचवट्यासारखी दिसू लागते, आणि ती उंचवटी बेटे पॉलिप समजून कापून काढली जातात. वस्तुतः तेथे वाढलेले काहीच नसते, भोवतालचे खालावलेले असते. म्हणून असा ‘पॉलिप’ आढळला की केवळ त्याचा नव्हे, तर शेजारच्या सपाट भागाचाही तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे.

या साऱ्या खुणांना अर्थ येतो तो अँट्रमशी तुलना केल्यावर. बॉडी लालसर, सुजलेली, शिरांची मांडणी हरवलेली; आणि अँट्रम मात्र फिकट, गुळगुळीत, शांत: असे दोन भागांचे परस्परविरुद्ध चित्र दिसले तर संशयास पुरेसे कारण आहे. हेलिकोबॅक्टरच्या सक्रिय संसर्गातही लाली, सूज आणि शिरांचा लोप ही सर्व लक्षणे असतात, पण त्यात अँट्रम सहसा सुटत नाही.

संशय निर्माण करणारी आणखी दोन कारणे आहेत, आणि त्यांची शहानिशा झाल्याखेरीज निर्णय देऊ नये. यकृताच्या जुनाट विकारात प्रवेशिका शिरेतील दाब वाढला की जठरावर अशीच जाळीदार नक्षी उमटते. तेथे रुग्णाचे यकृत, प्लीहा आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा यांची साक्ष निर्णायक ठरते. दुसरे कारण आपल्याकडे अधिक महत्त्वाचे आहे. आम्ल रोखणाऱ्या प्रोटॉन पंप इनहिबिटर गोळ्या, ज्यांना लोक सर्रास पित्ताच्या गोळ्या म्हणतात आणि ज्या अनेकदा वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्महिने घेतल्या जातात, त्यांच्यामुळेही बॉडीच्या अंतस्त्वचेवर खडीसारखे उंचवटे येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेरायटल पेशी फुगलेल्या दिसतात. आरंभीच्या स्वयंप्रतिकारी दाहातही पेरायटल पेशी अशाच फुगतात. तेव्हा रुग्ण कोणत्या गोळ्या किती काळ घेत आहे याचा तपशील पॅथॉलॉजिस्टला दिलेल्या कागदावर नसेल, तर त्याचा अहवाल चुकीच्या दिशेने जाण्याचा संभव आहे.

एंडोस्कोपीने येथवर आणून सोडले की पुढचा भार ऊतिपरीक्षेवर पडतो. सिडनी पद्धतीने पाच ठिकाणचे तुकडे घ्यावेत असे ठरलेले आहे: दोन अँट्रमचे, एक कोनाजवळचा, आणि दोन बॉडीचे, एक आखूड कडेचा व एक लांब कडेचा. अँट्रमचे तुकडे आणि बॉडीचे तुकडे स्वतंत्र बाटल्यांत, स्वतंत्र चिठ्ठ्यांनिशी गेले पाहिजेत. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण या संपूर्ण विषयात तिच्याइतकी निर्णायक दुसरी नाही. कारण झिजलेल्या बॉडीतील ग्रंथी अँट्रमसारखे रूप धारण करतात, आणि तुकडा कोठला हे ठाऊक नसेल तर पॅथॉलॉजिस्ट त्याला निरोगी अँट्रम समजून पुढे जातो. गॅस्ट्रिनचा विशेष रंग देऊन हा संभ्रम दूर करता येतो: गॅस्ट्रिनच्या पेशी नसतील तर तो तुकडा मूळचा अँट्रमचा नव्हे. आरंभीच्या अवस्थेत लसिका आणि प्लाझ्मा पेशींचा भर ग्रंथींच्या खोल भागात असतो, काही ग्रंथी वेचून नष्ट झालेल्या असतात आणि काही धडधाकट असतात, व क्रोमोग्रॅनिनच्या रंगाने हिस्टामिन पेशींची रांगेत झालेली वाढ स्पष्ट दिसते.

रक्ताच्या चाचण्या सहायक आहेत, पण त्यांच्यावर विसंबून एंडोस्कोपी टाळता येत नाही. पेरायटल पेशींची प्रतिपिंडे बहुसंख्य रुग्णांत सापडतात, पण ती अन्य रोगांतही आणि निरोगी माणसांतही मिळतात. इंट्रिन्सिक फॅक्टरची प्रतिपिंडे भरवशाची, परंतु सुमारे निम्म्याच रुग्णांत आढळणारी. पेप्सिनोजेन-1 चे उतरणे आणि गॅस्ट्रिनचे चढणे ही झीज पुढे गेल्याची चिन्हे होत. आरंभी दोन्ही सामान्य असू शकतात. श्वासाच्या चाचणीबाबत आणखी सावधगिरी हवी. आम्लाच्या अभावी जठरात अन्य जंतू वाढतात, ते युरिया फोडतात आणि हेलिकोबॅक्टर नसतानाही चाचणी सकारात्मक येते. मग रुग्णाला प्रतिजैविकांचा एक क्रम, तो ‘निष्फळ’ म्हणून दुसरा, मग तिसरा दिला जातो. अशा रुग्णाच्या बॉडीकडे पुन्हा एकदा नीट पाहणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

आरंभी निदान करून मिळवायचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर जेरुसलेमच्या हर्शको यांनी 2006 मध्ये मांडलेल्या 160 रुग्णांच्या अभ्यासात आहे. त्यांपैकी 83 जणांचा रक्तक्षय बी-12 च्या नव्हे, तर लोहाच्या अभावाचा होता. आणि हे रुग्ण मोठ्या पेशींचा रक्तक्षय असलेल्यांपेक्षा सरासरीने 21 वर्षांनी तरुण होते, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. अन्नातील लोह शोषण्यास आम्ल लागते, आणि मासिक स्रावामुळे ज्यांचे लोह आधीच तुटपुंजे असते त्यांचा साठा सर्वांत आधी संपतो. म्हणजे ज्या रोगाला आपण वार्धक्यातील बी-12 चा रोग मानत आलो, तो तारुण्यात लोहाच्या कमतरतेच्या रूपाने येऊन जातो. तेव्हाच ओळखला तर लोह शिरेतून देता येते, बी-12 वेळीच सुरू करून मज्जारज्जूची हानी टाळता येते, आणि थायरॉइडच्या स्वयंप्रतिकारी विकाराची व टाइप-1 मधुमेहाची, जे या रोगाचे नित्याचे सोबती आहेत, तपासणी करता येते. कर्करोगाबाबत मतभेद आहेत: जपानी मालिकेत सुमारे दहा टक्के रुग्णांत जठराचा कर्करोग आढळला, तर इटलीतील पादुआच्या रुग्गे यांचे म्हणणे असे की ज्यांना हेलिकोबॅक्टरचा संसर्ग कधीच झाला नाही अशा रुग्णांत तो धोका वाढत नाही. मला दुसरे मत अधिक संभवनीय वाटते, कारण जपानी रुग्णांपैकी अनेकांना पूर्वी कधीतरी जंतूचा संसर्ग होऊन गेलेला असणार. न्यूरोएंडोक्राइन गाठींविषयी मात्र दुमत नाही, आणि म्हणून युरोपीय मार्गदर्शनात तीन ते पाच वर्षांनी एंडोस्कोपी सुचवली आहे.

आपल्याकडे या रोगाला दडून बसण्यास दोन पडदे मिळतात. एक म्हणजे प्रौढांतील हेलिकोबॅक्टरचे मोठे प्रमाण, ज्यामुळे अँट्रम निरोगी राहण्याची खूणच पुसली जाते. दुसरा बी-12 चा. पुण्याच्या चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन 441 पुरुषांपैकी 67 टक्क्यांच्या रक्तात बी-12 कमी आढळले, आणि शाकाहार हे त्याचे ठळक कारण होते. हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण त्याचा व्यवहारात असा अर्थ होऊ लागला की बी-12 कमी म्हणजे आहाराचा दोष, इंजेक्शने द्या आणि मोकळे व्हा. मांस-मासे खाणाऱ्या माणसाचे बी-12 कमी असेल, इंजेक्शने थांबवताच ते पुन्हा घसरत असेल, किंवा त्याच्या जोडीला लोहही कमी असेल, तर आहाराकडे बोट दाखवून थांबणे योग्य नव्हे.

आरंभीच्या खुणांची आज उपलब्ध असलेली वर्णने बव्हंशी लहान रुग्णमालिकांवर आधारलेली आहेत, म्हणून सरसकट सर्वांची तपासणी करावी असा आग्रह धरता येणार नाही. परंतु उपचारांना दाद न देणारा लोहाचा रक्तक्षय, थायरॉइडचा स्वयंप्रतिकारी विकार, टाइप-1 मधुमेह किंवा कोड असलेल्या रुग्णाची एंडोस्कोपी काही ना काही निमित्ताने होणारच असेल, तर परीक्षकाने बॉडीच्या आखूड कडेजवळ क्षणभर थांबून शिरांची मांडणी पाहावी, आणि ती दिसली नाही तर तेथील तुकडे वेगळ्या बाटलीत पाठवावेत. वाचकांपैकी कोणावर किंवा त्यांच्या घरच्यांवर अशी वेळ आली, तर आपल्या डॉक्टरांना ‘बॉडीची बायोप्सी वेगळी पाठवणार का?’ एवढे अवश्य विचारावे. या प्रश्नाला खर्च लागत नाही, आणि वेगळ्या बाटलीलाही फारसा नाही.